आवाज आहे तोवर

९ फेब्रुवारी

वहिनी यांस,

तुम्हांला पत्र लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही हे ठाऊक असूनही लिहीत आहे. या आगाऊपणाबद्दल आधीच क्षमा मागते. तुमचे भाऊ तुम्हांला न्यायला आले तेव्हा, "या घरातला कागदाचा कपटासुद्धा आमच्या दारात नको," असे त्यांनी उंबऱ्यावरूनच बजावले होते. मी जिन्यात मुंगीला कडेवर घेऊन उभी होते. तुमच्या हनुवटीखालून डोक्यावर टॉवेल बांधलेला होता. आतला बर्फ वितळत होता आणि टॉवेलातून लालसर पाणी गळ्यावर उतरत होते. तुम्ही हात पुढे केलेत. त्याच क्षणी दादाने माझा दंड धरून मला वर ओढले. मी मुंगीला सोडले असते तर ती पायऱ्यांवर आपटली असती. म्हणून सोडले नाही, आणि म्हणून ती इथे राहिली. तुम्ही जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलेत, त्या नजरेला एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे.

हे पत्र टाकण्याचे धैर्य होईल की नाही, सांगता येत नाही. बोर्डात पहिली आले तेव्हा सत्कारात दोन शब्द बोलायला उभे केले होते. माइकसमोर नुसते ओठ हलवून खाली बसले. ती मी. पण लिहिताना माझी जीभ अडत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मुंगी जेवत नाही.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस ती माझ्या छातीशी तोंड घासत राहिली. तिथे काही नाही हे कळल्यावर तिने मला चावले. मग तिने तोंडच मिटले. आईची पद्धत तुम्हांला ठाऊक आहे. मांडी घालून बसायचे, मुंगीचे पाय मांडीखाली दाबायचे, दोन्ही मनगटे एका मुठीत धरायची आणि दुसऱ्या हाताने चमचा घालायचा. यात नाक दाबायला तिसरा हात लागतो, म्हणून मला बोलावले जाते.

"नाक दाबलं की तोंड उघडतं," आई म्हणते. "तुझ्या बापाला मी असंच भरवलंय. बघ, कसा बैलासारखा झालाय!"

हे ती मुंगीला उद्देशून म्हणते. मी बोटे नाकावर ठेवते, दाबत नाही. हे आईच्या ध्यानात आले की पाठीत उलथने बसते. काल चमच्याची कड हिरडीला लागली आणि कुस्करलेल्या भातात रक्ताचा धागा उतरला.

"दात येताहेत, त्याचं रक्त आहे," असे म्हणून आईने तोच घास परत आत लोटला.

दादाही तीच म्हण वापरतो, फक्त तुमच्याबद्दल. जेवताना म्हणाला, "पोरगी इथं आहे ना? मग येईल झक मारत. नाक आपल्या हातात आहे."

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही तिथे होतात, तुम्हांला काय सांगायचे? पण घरात त्या दिवसाची एक कहाणी ठरून गेली आहे. आई ती शेजारणींना सांगते, दादा खाली आपल्या बर्फाच्या कारखान्यात सांगतो: बाईने पोरीच्या घशात गाजर कोंबले, पोर गुदमरली तर उलट तिलाच बडवत सुटली, बाप वेळेवर पोचला म्हणून वाचली. रोज ऐकून ऐकून मलाही कधी कधी ती खरी वाटू लागते. म्हणून मी पाहिले ते लिहिते.

मुंगी तिच्या खुर्चीत बसली होती. तुमच्या एका हातात घोटलेल्या बटाट्याचा चमचा होता. दुसरा रिकामा चमचा तिच्या मुठीत होता, कारण तिला स्वतःचा चमचा असला की ती तुमचा ओढत नसे. समोर उकडलेल्या गाजराच्या बोटभर लांबीच्या कापट्या होत्या. त्यातली एक तुम्ही अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून मला दाखवलीत. तिचा लगदा झाला. "इतकं मऊ हवं, वन्सं. चमचा पोटासाठी आणि तुकडा शिकण्यासाठी. नर्सबाई म्हणाल्या, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायचं." तोंड माखलेले, केसांत बटाटा, आणि ती हसत होती.

मग तिला उबळ आली. जीभ बाहेर, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, आणि घशातून तो भयंकर आवाज. मी उठले. तुम्ही मला बसवलेत. तुमचे स्वतःचे हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून होते.

"थांबा. आवाज आहे तोवर श्वास आहे. ती स्वतःच बाहेर काढते. आवाज गेला की धावायचं."

त्याच वेळी दादा जेवायला वर आला. दारातून त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ओरडत तिच्या तोंडात बोट घातले. बोटाने तुकडा आत गेला. तेव्हा आवाज थांबला. कारखान्यात वीज गेल्यावर कॉम्प्रेसर बंद पडतो आणि पायाखालची थरथर अचानक नाहीशी होते, तसे झाले. तिचे ओठ जांभळे पडू लागले. तुम्ही तिला त्याच्या हातांतून हिसकावलेत, पालथी करून हातावर घेतलेत, डोके खाली, आणि तळहाताच्या टाचेने खांद्यांच्या मधोमध मारू लागलात. तुकडा फरशीवर पडला. मुंगी किंचाळली. आणि तिच्या किंचाळण्यातच दादाने चिमटा चालवला.

तो लाद्या उचलायचा लोखंडी चिमटा होता, तसाच हातात घेऊन तो वर आला होता. बर्फाची लादी फुटताना आधी बोथट आवाज होतो, मग आत कुठेतरी बारीक तडा जातो. तुमच्या जबड्याचे तसेच झाले. तुम्ही पडलात, पण मुंगीला पोटाशी धरून पाठीवर पडलात. तिला खरचटलेसुद्धा नाही.

त्यानंतर तो खाली गेला आणि फडक्यात बर्फ घेऊन आला, नेहमी आणतो तसा. "लाव. उतरेल सूज."

हे असे घडले. माझ्या अक्षरात आहे आणि माझे अक्षर सर्वांना ओळखू येते.

१८ फेब्रुवारी

वहिनी,

आज चांगली बातमी आहे, म्हणून आधी तीच.

आई रोज दुपारी जेवून तासभर झोपते. त्या वेळी मी मुंगीला घेऊन भुशाच्या खोलीत जाते. लाद्यांवर पसरायचा भुसा जिथे रचतात ती खोली. तिथे बाहेरच्या करवतीच्या आवाजात काही ऐकू जात नाही. पहिल्या दिवशी मी पिकल्या केळ्याचा तुकडा तिच्यासमोर उपड्या खोक्यावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत बसले. पुस्तक उलटे होते हे नंतर ध्यानात आले. कितीतरी वेळ काही झाले नाही. मग चिप् असा आवाज आला. तिने केळ्यावर हात आपटला होता. हात चाटला. पुन्हा आपटला. घासभरही पोटात गेले नाही, पण वहिनी, तोंड उघडले! कोणी दाबल्यावाचून उघडले.

आता उकडलेला बटाटा, भोपळ्याची फोड, पावाची भाजलेली कड, अंड्याचा पिवळा बलक इथवर मजल गेली आहे. चमचाही पुन्हा सुरू केला. तुमची दोन चमच्यांची युक्ती. लाकडाचा आहे, हिरडी कापत नाही. मी भरलेला चमचा तिच्या तोंडाशी नेत नाही, वाटेत धरून ठेवते. ती स्वतः पुढे वाकते. कधी वाकत नाही, तोंड फिरवते. मग मी खाली ठेवते. तिचे "नको" ऐकणारे या घरात कोणीतरी असावे असे मला वाटते. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत आता ती उकडलेला वाटाण्याचा दाणाही पकडते. मी तो आधी चेपून देते. भुसासुद्धा त्याच चिमटीत उचलते, म्हणून खाली चादर अंथरावी लागते. तुम्ही तिला मुंगी म्हणत होता ते उगीच नाही.

उबळ येते. दर नव्या चवीला येते. पहिल्या वेळी मी तुमच्यासारखे हात मांडीवर धरले आणि नखे तळहातात रुतली. आवाज होता. मी आवाज मोजत नव्हते, ऐकत होते. तिने तुकडा जिभेवरून बाहेर ढकलला, त्याच्याकडे रागाने पाहिले आणि पुन्हा तोंडात घातला. अगदी तुमच्यावर गेली आहे.

ही भाजी मला बर्फगाडीचा ड्रायव्हर आणून देतो. तोच, ज्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी ख्याती. पण गेले आठ दिवस गाजरे आणतो आहे आणि कोणाला एका शब्दाने बोललेला नाही. तुमच्या गावावरून त्याची फेरी असते. त्याने सांगितले की तुमचा जबडा तारांनी बांधला आहे, दात उघडत नाहीत आणि तुम्ही नळीने पातळ अन्न घेता. "बाईंना मी म्हटलं, पोरगी बरी आहे. त्यांनी नुसते डोळे मिटले." मुंगी चावायला शिकते आहे आणि तुम्ही नळीवर. हे वाक्य लिहून दोनदा खोडले. तिसऱ्यांदा राहू देते.

आई समोर असली की मुंगी पुन्हा तोंड मिटते. संध्याकाळी तेच: मांडी, मूठ, चमचा. आज तिने आईच्या अंगठ्याला चावा घेतला. नवे दात धारदार असतात. आईने तिच्या थोबाडीत मारली. नऊ महिन्यांचीही नाही हो ती. गालावर बोटांचे वळ उमटले, तेव्हा आईच घाबरली आणि रडायला लागली. "माझ्या हातून काय झालं गं हे? त्या सटवीमुळे झालं." मग मुंगीला बर्फ लावायला निघाली. या घरात सगळ्यावर एकच औषध आहे.

२ मार्च

वहिनी,

अक्षराबद्दल क्षमा करा. डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा हात दारात चेंगरला.

भुशाच्या खोलीचे गुपित फुटले. कोणी चुगली केली नाही, मुंगीनेच केली. सकाळी आई लंगोट बदलत होती आणि एकदम ओरडली. गाजर जसे खाल्ले होते जवळजवळ तसेच बाहेर आले होते, केशरी आणि ठळक. बाळांच्या खाण्याच्या पुस्तकात असे होते म्हणून लिहिले होते, पण ते धुणे आईच्या हाती पडेल हे काही पुस्तकात नव्हते.

"हे काय आहे? लाजलज्जा आहे का? पहिली आली म्हणे बोर्डात! पोरं काय पुस्तकं वाचून वाढतात? मी दोन वाढवलीत, पुस्तकाचं पान न उलटता!"

मला खरे तर हसू येत होते. एवढ्याशा लंगोटासाठी एवढे न्यायालय! पण आईने खिडकीतून दादाला हाक मारली आणि हसू जिथल्या तिथे थिजले.

त्यानंतर चार दिवस भुशाच्या खोलीला कुलूप आहे. स्वयंपाकघरात माझा हात चालत नाही, म्हणून खाली कारखान्याच्या टेबलाशी बसवले आहे. फोन उचलायचा आणि पावत्या फाडायच्या. आणि तिथेच परवा, मुनीम जेवायला गेले असताना, तो फोन आला.

बालसंरक्षण कार्यालयाच्या अधिकारी बाई होत्या. तुमच्या भावाने दिलेल्या अर्जाची चौकशी त्यांच्याकडे आहे. घरी येऊन मूल पाहतील आणि त्यांच्या अहवालावर मुंगी कोणाकडे राहायची ते ठरेल. दादाला हे ठाऊक होते. तो आठवडाभर माझी तयारी करून घेतो आहे, तोंडी परीक्षेसारखी.

"बाईने काय केलं?"

"गाजर कोंबलं."

"मग?"

"मग... मारलं."

"मोठ्यांदा बोल! तिथं अशी पुटपुटलीस तर बघ. आणि मी काय केलं?"

"वाचवलं."

"शाबास. आहेस खरी हुशार."

फोनवर बाईंनी विचारले, "बाळाचं जेवण किती वाजता असतं? मला ते जेवताना बघायचंय." मी म्हणाले, साडेबारा. त्या म्हणाल्या, बरं, अकरा तारखेला साडेबाराला येते. मी फोन ठेवला. समोर तळघराच्या दारातून गार धूर फरशीवर सरपटत येत होता. दादा लाद्या मोजून वर आला आणि म्हणाला, "कोणाचा फोन?"

मी म्हणाले, "त्या बाईंचा. अकरा तारखेला येणार आहेत. चार वाजता."

माझ्या आवाजाला काही झाले नाही. सत्काराच्या दिवशी जो आवाज फुटला नाही, तो खोटे बोलताना सरळ निघाला. दादा दुपारी साडेबाराला जेवायला वर येतो, हे तुम्हांला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

वर दाराचे लिहिले ते खरे नाही. आता लबाडी सुरूच झाली आहे तर निदान तुमच्याशी तरी करू नये. दादाने मला दंडाला धरून टाकीपाशी नेले. बर्फ जमवायचे डबे बुडवतात ते मिठाचे पाणी. बर्फापेक्षा गार असते आणि गोठत नाही. "ज्या हाताने कोंबलंस तो हात," तो म्हणाला आणि मनगटापर्यंत बुडवून धरला. आधी भाजल्यासारखे झाले, मग काहीच वाटेना. कामगार करवत थांबवून उभे होते. भोंगा एकटा ओरडला, "मालक, हात जाईल पोरीचा!" तेव्हा सोडले. बोटांची टोके पांढरी झाली होती, आता काळसर आहेत. डॉक्टर म्हणतात, दोन बोटांची टोके राहतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. दादाने जाताना मला टॉवेल दिला आणि सवयीने बर्फाकडे वळला. मग त्याचे त्यालाच काहीतरी कळले असावे. तसाच थांबला, आणि निघून गेला.

मुंगीसाठी मी डाव्या हाताने कापट्या करायला शिकते आहे. वाकड्या होतात.

१२ मार्च

वहिनी,

काल अधिकारी बाई आल्या.

सकाळी मी भोंग्याने आणलेली गाजरे उकडली. एक चिमटीत दाबून पाहिली, लगदा झाला. आईला सांगितले की चार वाजता पाहुण्या येणार, घरात चांगला चमचा नाही, बिस्किटे नाहीत. ती पिशवी घेऊन बाजारात गेली. बाई साडेबाराच्या थोड्या आधीच आल्या. मध्यम वयाच्या, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणाऱ्या. त्यांना मी दाराच्या आडोशाच्या खुर्चीवर बसवले. ती जागा मी ठरवून निवडली होती. जिन्यावरून येणाऱ्याला ती खुर्ची दिसत नाही.

त्यांनी विचारले, "तू कोण?"

"आत्या."

"त्या दिवशी तू होतीस?"

मी मान हलवली. आदल्या दिवशी पाठ केलेल्या वाक्यांतले एकही निघेना. बाई म्हणाल्या, "बरं, आधी बाळाला जेवू दे."

मी मुंगीला खुर्चीत बसवले. एक चमचा तिला, एक मला. समोर कापट्या. ती जेवू लागली. घोटलेल्या भाताच्या चमच्याला वाकली, एक खाल्ला, दुसऱ्याला तोंड फिरवले, मी खाली ठेवला. गाजर मुठीत धरून कडेने कुरतडले. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आले. "छान जेवते की! अर्जाला वडिलांनी दिलेल्या उत्तरात तर लिहिलंय, आईनं तिला घाबरवून ठेवलंय, खाण्याच्या नावानं रडते."

जिन्यावर पावले वाजली. आणि तेवढ्यात मुंगीला उबळ आली.

हे मी ठरवले नव्हते. दादाने यावे, तिला स्वतःच्या हाताने खाताना पाहावे, ओरडावे, बाईंनी ते ऐकावे, एवढेच माझ्या हिशेबात होते. उबळ माझ्या हिशेबात नव्हती. तिचा चेहरा लाल झाला, जीभ बाहेर आली, आणि तो आवाज. बाई उठल्या. दारात दादा उभा राहिला, हातात लाद्या ओढायची लोखंडी आकडी, ओल्या बुटांचे पाणी फरशीवर.

"पुन्हा!" तो ओरडला. "पुन्हा तेच! मारता का माझ्या पोरीला?"

आकडी टाकून तो बोट पुढे करून तिच्याकडे धावला. मी मध्ये शिरले.

"हात लावू नका!"

तो माझाच आवाज होता हे मला नंतर कळले. दादाला मी अहोजाहो कधी केले नव्हते. बहुधा ते मी दोघांनाही म्हणाले, त्यालाही आणि बाईंनाही. त्याने मला केस धरून बाजूला फेकले. मी परत उठून खुर्चीला विळखा घातला, माझी पाठ त्याच्याकडे आणि तोंड मुंगीसमोर. तो माझ्या पाठीत गुद्दे मारत होता, मानेवर मारत होता. एक गुद्दा कानावर बसला आणि त्या बाजूचे सगळे बंद झाले. दुसऱ्या कानाने मी फक्त तिला ऐकत होते. आवाज आहे. आवाज आहे. त्याने माझे डोके धरून खुर्चीच्या कडेवर आपटले. समोरचा दात तुटून जिभेवर आला. आवाज आहे. मुंगी माझ्याकडे पाहत होती, डोळे पाण्याने भरलेले, आणि वहिनी, क्षणभर आवाज थांबला.

त्या क्षणाबद्दल मला लिहिता येणार नाही.

मग तिने ओक् केले. तुकडा हनुवटीवरून खाली घरंगळला. तिने एक दीर्घ श्वास घेतला आणि भोकाड पसरले. मोठे, भरघोस, सगळ्या जिन्यात घुमणारे भोकाड. इतके गोड गाणे मी ऐकलेले नाही.

"मागे व्हा," बाई म्हणाल्या. त्या दादाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या होत्या.

"तू कोण गं मध्ये बोलणारी?"

"तुमच्या मुलीचा अहवाल लिहिणारी."

दादाने त्यांच्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी काय केले ते त्याला तेव्हा उमगले. मला वाटले आता आकडी उचलेल. त्याने उचलली नाही. माझ्या तोंडातून रक्त फरशीवर ठिबकत होते. त्याने ते पाहिले, वळला, आणि खाली जाऊन फडक्यात बर्फ घेऊन आला.

"लाव," तो म्हणाला. "उतरेल."

बाई त्या फडक्याकडे बघत राहिल्या. घडी केलेले, टोके आत दुमडलेली, न सांडेल असे बांधलेले. हलकेच म्हणाल्या, "हात बसलाय यांचा." माझी काळी बोटेही त्यांनी तेव्हाच पाहिली. मग मला विचारले, "त्या दिवशी काय झालं?"

आणि मी सांगितले. तोंडात रक्त होते, दात नव्हता, शब्द फेंगडे निघत होते, पण सगळे सांगितले. गाजर, बोट, शांतता, तुमचा हात, चिमटा. दादा भिंतीला टेकून उभा होता. एकदाच म्हणाला, "मी पोरीला वाचवायलाच धावलो होतो." मला वाटते त्याला ते खरे वाटते. मला त्याचे वाईट वाटले, आणि वाईट वाटूनही मी एक शब्द कमी सांगितला नाही.

आई बिस्किटे घेऊन परत आली तेव्हा खाली बाईंनी बोलावलेली पोलिसांची गाडी उभी होती. तिने मला थोबाडीत मारायला हात उचलला, माझे तोंड पाहिले आणि खाली घेतला. "घर बुडवलंस," म्हणाली. मग पिशवीतून नवा चमचा काढून मुंगीच्या सामानात ठेवला. तो मी तिथेच काढून ठेवून आले.

हे महिला वसतिगृहाच्या खोलीतून लिहीत आहे. मुंगी शेजारी झोपली आहे, मुठीत लाकडी चमचा. बाईंनी आज सकाळी हुकूम दाखवला: पुढचा निकाल होईपर्यंत मूल आईकडे. दुपारच्या बसने बाई आणि मी तिला घेऊन निघत आहोत. भोंगा आता तुमच्या वाटेने जातो आहे. हे सगळे कागद त्याच्याकडे देते, म्हणजे आमच्या आधी पोचतील. तुमच्या भावाला माझ्या वतीने सांगा, त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन या घरातला कागद पाठवते आहे. पण त्या घरातली आता मीही नाही.

तुमच्या तारा या आठवड्यात निघतील असे कळले. डॉक्टर आधी पातळ, मग मऊ तुकडे द्यायला सांगतील. मुंगीला ते सगळे येते, ती तुम्हांला शिकवील. तिच्याच ताटातले घ्या. तिला आवडते कोणी तिच्या हातचे खाल्लेले. काल इकडे येताना गाडीत तिने कुरतडलेले गाजर माझ्या तोंडात घातले. दुखले, पण खाल्ले.

मी फाटकाशीच थांबेन. मुंगीला तुमच्या हाती दिले की माझे काम संपेल. मला आत बोलवाल की नाही हे विचारण्याचा अधिकार मला नाही. फक्त एक मागते. दातांतून का होईना, काहीतरी बोला. "जा" म्हणालात तरी चालेल. गप्प राहू नका.

तुमची,
वन्सं

पत्र भोंग्याच्या हाती दिले: १२ मार्च, सकाळी ९ वाजून २० मिनिटे.